साडूंची बिळातली बाई

माणसाला पोटभर माया देऊन उपाशी घरी पाठवावं तर आमच्या साडूंनीच. ठाण्यापासून कल्याणपर्यंत असा दुसरा माणूस नाही, आणि असलाच तर त्याच्याकडे मी डबा घेऊन जाईन. आपल्यात कसं, कुणी चहा विचारला की आधी दोनदा 'नको नको' म्हणायचं, मग 'बरं, अर्धा कप' म्हणायचं. साडू एकदाच विचारायचे. लग्नानंतर पहिल्यांदा मी डोंबिवलीहून त्यांच्याकडे कोलशेतला गेलेलो, तर म्हणाले, "जेवताय?" मी नवा जावई, लाजलो. म्हटलं, "नको, आत्ताच झालं." साडूंनी मान डोलावली आणि माझ्यासमोर बसून तळलेली सुरमई एकट्याने संपवली. मी आवंढे गिळत काटे बघतोय. वर हात धुताना म्हणतात कसे, "आग्रह केला की जीव घाबरतो, साडूभाऊ. आमच्या बाईने शिकवलं मला."

बाई म्हणजे त्यांची बायको नव्हे. बायको म्हणजे ताई, माझ्या हिची थोरली बहीण. बाई राहायची मातीत. कंपनीत पाइपसाठी खड्डा खणताना तळहाताएवढा, आठ पायांचा केसाळ कोळी निघालेला. बाकीच्यांनी फावडं उचललं, साडूंनी जेवणाचा डबा पुढे केला. मादी आहे हे कसं ओळखलं, असं मी विचारलं तर म्हणाले, "टाकीत ठेवल्याबरोबर घर करायला घेतलं. नर असता तर बसून राहिला असता." टाकी म्हणजे माशांची, पण तडा गेलेली. तिच्यात वीत-दीड वीत माती, पाण्याला बाटलीचं बूच. ती अशी लाजाळू, की मी चार वर्षांत तिचे फक्त दोन पाय पाहिलेले, तेही पुढचेच.

दर आठवड्याला साडू खाडीकडच्या गवतात जाऊन एक नाकतोडा पकडायचे, संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी सोडायचे आणि बाजूला व्हायचे. सकाळी तो तसाच दिसला तर चिमट्याने उचलून परत गवतात. घरात झुरळं मारायची पावडर बंद, न जाणो विषारी झुरळ बाईच्या तोंडी लागलं तर! त्यामुळे अख्ख्या कोलशेतची झुरळं साडूंकडे बदली मागून आलेली. मिक्सर लावायचा नाही, माती हादरते. ताई चटणी वाटायला शेजारी जायच्या. एकदा मी शिंकलो, तर बाई आठवडाभर वर आली नाही आणि साडू माझ्याशी बोलले नाहीत.

मग एका वर्षी गणपती गेले आणि बाईने दार लावलं. बिळाचं तोंड मातीने आणि जाळ्याने बंद. नवरात्र आलं, दसरा झाला, आतून हूं नाही की चूं नाही. तेवढ्यात ताईंनी रंगीत टीव्ही ठरवला. खोलीत प्लग एकच, आणि त्याच्याखाली बाईची टाकी.

"मेली ती," ताई म्हणाल्या. "मेलेल्याला जागा कशाला?"

"कात टाकायची असेल. त्याआधी खात नाहीत."

"मग उकरून दाखवा जिवंत!"

"अगं, बाळंतिणीच्या खोलीत कुणी असं घुसतं का?"

"धनत्रयोदशीला टीव्ही येतोय. तोपर्यंत दिसली तर राहील. नाहीतर टाकीसकट खाडीत."

साडू रोज कंपनीतून आले की टाकीपुढे उकिडवे बसायचे, तेवढंच.

टीव्ही आणायचं काम माझ्याकडे, कारण टेम्पो माझा. डोंबिवलीच्या मानपाड्याहून निघालो, ठाण्यात दुकानातून खोका उचलला आणि सकाळी कोलशेतला पोचलो. साडू अजून रात्रपाळीवरून आलेले नव्हते. खोका ठेवला, टाकीकडे पाहिलं, तर बिळाचं दार उघडं आणि बाहेर बाई पडलेली. आठही पाय वाकडे, अंग पोकळ. मी असा बोंबललो की खालचा इस्त्रीवाला वर आला. मग मला काय सुचावं? घरातलं माणूस गेलं की आंघोळ करायची, एवढं मला ठाऊक. मी गेलो तो कपड्यानिशी नळाखाली बसलो. बाहेर येतो तर खाडीत टाका म्हणणाऱ्या ताई टीव्हीच्या खोक्यावर बसून पदराने डोळे पुसतायत. "काही म्हणा भावोजी, घरातली होती हो."

इतक्यात साडू दारात. मी निथळत पुढे झालो. "साडूभाऊ, धीर धरा. बाई गेली."

साडू टाकीशी गेले. चिमट्याने बाईला उचललं, उजेडात धरलं, वाकून बिळात पाहिलं आणि हसले. त्या घरात मोठ्याने हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "अहो, हा जुना झगा आहे तिचा! नवा घालून आत बसलीये. तुम्ही कशाला आंघोळ केलीत?"

"दिवाळीची," मी म्हटलं.

टीव्ही कपाटावर चढला. वायर खिडकीवरून फिरवली, आणि त्या घरात पुढे सगळ्यांनी आकाशातलं विमान बघावं तशा बातम्या पाहिल्या. कात टाकल्यावर बाईचे दात अजून मऊ, म्हणून दिवाळी सरेपर्यंत साडूंनी नाकतोडा सोडला नाही. सोडला त्या संध्याकाळी अर्धी बिल्डिंग श्वास रोखून उभी. बाई आली, आणि दोन पायांवर भागवलं नाही, अख्खी आली! केवढी वाढलेली, काळी मखमल नुसती. झेप घेतली, नाकतोडा आत. टाळ्या वाजवायची बंदी, म्हणून लोकांनी हात वर करून नुसते हलवले. इस्त्रीवाल्याने तर मला मिठी मारली.

सगळे पांगल्यावर साडू माझ्याजवळ आले. म्हणाले, "खरं सांगू? मलाही वाटलेलं, गेली म्हणून. उकरायचा धीर नव्हता, एवढंच."

साडू अचानक गेले, निवृत्तीच्याही आधी. टाकीचं काय करायचं हे मी ताईंना विचारणार होतो. दिवसकार्य झाल्यावर गेलो तर घराला कुलूप. शोधत खाडीकडे गेलो, तर गुडघ्याएवढ्या गवतात ताई, पदर खोचून, ओंजळ करून दबकत चाललेल्या. म्हटलं, "ताई, द्या, मी पकडतो."

"नको. तुम्ही पाय आपटता. उडून जातात ते," असं म्हणून त्या पुढे वाकल्या.