ओळखीची गोळी

विलासच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन सकाळी आला. "हे गेले पहाटे. त्रास नाही झाला," एवढंच म्हणाल्या. दुपारपर्यंत अ‍ॅशबर्नच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विलास जगदाळे 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व', 'समाजाचा आधारवड' आणि 'दीपस्तंभ' झाला होता. मी त्याला वीसेक वर्षं ओळखत होतो. त्याच्यात मला कधी वड दिसला नाही, दीपस्तंभ तर नाहीच. एक गोष्ट मात्र त्याला अतिशय उत्तम येत होती, आणि नेमकी तीच कुणी लिहिली नाही. विलास दर नोव्हेंबरात ठासणीच्या बंदुकीनं एक हरीण मारायचा. श्रद्धांजलीत ते शोभत नसावं. त्या हरणाचा रस्सा दोनदोनदा मागून खाल्लेल्यांनाही ते आठवलं नाही.

तिकडे भारतात बसून हे वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. इथे व्हर्जिनियात हरणं इतकी झालीत की वहिनींच्या परसातली मेथी वर यायच्या आत साफ होते. शिकारीला परवाना मिळतो, दिवस ठरलेले असतात, आणि त्यातले काही दिवस फक्त ठासणीच्या बंदुकीसाठी राखलेले. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी गजानं ठासायची, आणि मग एकच बार. हुकला तर सगळं पहिल्यापासून, तोवर हरीण पुढच्या काउंटीत पोचलेलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं विलासला पहिल्यांदा आपल्या शेतावर नेलं, तेव्हा त्यानं मुद्दाम हीच बंदूक निवडली. "एकच बार असला की माणूस विचार करतो," असं तो म्हणायचा. मी शिकार करत नाही. थर्मास आणि एक पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी झाडीत बसायचो. पान उलटलं तरी तो माझ्याकडे रागानं बघायचा.

शिकारीच्या दुकानात एक भिंत नुसत्या गोळ्यांची असते. तांब्याचं आवरण, रंगीत टोक, प्लॅस्टिकचा पेला, आणि खोक्यावर गर्जना करणारं काहीतरी. दारूच्याही तयार वड्या मिळतात. मोजायला नको, दोन टाकल्या की झालं. विलास त्या भिंतीसमोरून एखाद्या लग्नातल्या आहेराच्या टेबलावरून जावं तसा जायचा आणि खालच्या फळीवरची साधी शिशाची गोळी आणि डब्यातली सुटी दारू उचलायचा. मी एकदा त्याला चिक्कू म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "पंडित, ती भारीतली घेणारे वर्षाला तीन बार मारतात. दोन नेमाच्या कागदावर, एक हरणावर. मला ही स्वस्तातली घेऊन उन्हाळाभर कागद फाडता येतो. हरणाला काय, गोळी कितीची होती त्याच्याशी घेणं नाही. ती जागेवर लागावी, एवढंच त्याचं म्हणणं." गोळी बदलली की नेम बदलतो, दारू बदलली तरी बदलतो, हे त्यानंच मला शिकवलं. म्हणून एकदा जमलेली जोडी तो सोडत नसे. मी पंडित, कारण मी पुस्तकं वाचायचो. तो स्वतः सिस्टिम आर्किटेक्ट होता, पण ते कार्डावर.

या आर्किटेक्टनं सुरुवातीला केलेली चूक आमच्यासारख्या शिकलेल्या माणसानंच करावी अशी होती. दारू किती घालायची ते वाचून त्यानं सोनाराकडे असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा मागवला आणि जेवणाच्या टेबलावर दारू अगदी कणाकणानं तोलली. वहिनी पोळ्या लाटता लाटता डब्यावरचं लेबल वाचत होत्या. "अहो, हे वजनानं घ्यायचं नाहीये, मापानं घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "वाटीनं सांगितलेलं कुणी तोलून घेतं का?" ती दारू हलकी होती, तशी तोलूनच भरली असती तर नळीत भलतीच जास्त गेली असती. विलासनं मुकाट्यानं काटा खोक्यात घातला आणि पितळी माप आणलं. ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, वहिनींच्या आवाजात. मोजलेली दारू तो होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत भरून न्यायचा. त्या त्याची बहीण साताऱ्याहून पाठवायची. औषधाचा गुण कुणाला आला का, ते मला माहीत नाही. बाटल्यांचा नक्की आला.

ही दारू नळी गंजवते. त्याच दिवशी उकळत्या साबणाच्या पाण्यानं धुवावी लागते. त्यामुळे शेतावरून किंवा नेमबाजीच्या सरावाच्या रेंजवरून निघताना विलास घरी फोन करायचा, "निघालोय." आम्ही पोचेपर्यंत वहिनींचं मोठं पातेलं गॅसवर असायचं. मग मोरीतून धुरकट काळं पाणी वाहायचं आणि घरभर दिवाळीच्या पहाटेसारखा वास सुटायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नोव्हेंबरातलं हरीण शेवटचं असेल हे त्याला, वहिनींना आणि नेपरव्हिलला असलेल्या केतकीला, त्याच्या मुलीला, ठाऊक होतं. त्याच सुमाराला त्याची ती शिशाची गोळी दुकानात येईनाशी झाली. फोनवर बोलता बोलता ते केतकीला कळलं आणि तिनं भिंतीवरच्या सगळ्यात भारी गोळ्यांचं खोकं पाठवून दिलं. आत चिठ्ठी होती... 'फॉर द बिग वन, बाबा.' विलासनं खोकं बराच वेळ हातात धरलं. त्या गोळीचा नेम जमवायला रेंजवर दोन-तीन सकाळी घालवायला हव्या होत्या. त्याच्याच्यानं उभंही राहवत नव्हतं. तरी शेतावर गेलो तेव्हा त्यानं तीच भरली.

हरीण आलं. ऐंशी यार्डांवर असेल, आडवं, मान वर करून उभं. विलासनं बंदूक खांद्याला लावली. मी पुस्तक मिटलं. मग तो तसाच थांबला, आणि हरीण सावकाश निघून गेल्यावर त्यानं बंदूक खाली केली. मी विचारलं, का रे? "ही गोळी माझ्या ओळखीची नाही," तो म्हणाला. भरलेली बंदूक घरी नेता येत नाही, म्हणून निघताना ती गोळी त्यानं शेताच्या बांधात झाडली. वाटेत म्हणाला, "केतकीला सांगू नकोस. हरीण आलंच नाही म्हण." घरी पातेलं तयार होतं. एका बारापुरती नळी त्यानं नेहमीइतकाच वेळ धुतली.

तो गेल्यावर केतकी दोन आठवडे राहिली. एक दिवस गॅरेज आवरताना मला बोलावून घेतलं.

"काका, खरं सांगा हं. बाबांनी मिस केलं ना? आई म्हणते डिअर आलंच नाही. पण बॉक्समधली एक बुलेट कमी आहे."

वडील हुकले हा तिचा तीन महिन्यांचा संशय त्या खोक्यानं आता पक्का केला होता. विलासनं सांगितलं ते ऐकावं तर तिनं त्याला आयुष्यभर हुकलेला समजावं, आणि खरं सांगावं तर तिची भेट... मी खरं सांगितलं. आलेलं हरीण, खाली केलेली बंदूक, बांध आणि ते वाक्यही.

तिनं खोक्याचं झाकण लावलं. "मी बेस्ट म्हणून पाठवली होती."

"ते त्यालाही कळलं होतं. म्हणून तर भरली."

"पावडर आहे का अजून?" तिनं विचारलं.

शनिवारी आम्ही रेंजवर गेलो. लहानपणी तो तिला नेत असे, त्यामुळे तिचे हात विसरले नव्हते. होमिओपॅथीची एकेक बाटली नळीत रिकामी होत गेली. पहिली गोळी मधल्या ठिपक्यापासून हातभर डावीकडे गेली. ते भोक तिनं दुर्बिणीतून खूप वेळ बघितलं. त्या दिवशी हरणाच्या जागी काय झालं असतं, ते तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. मग तिनं नेम सरकवला, बाटलीतली थोडी दारू कमी करून बघितली, पुन्हा मारली. दुपारपर्यंत भोकं हळूहळू एकमेकांजवळ आली. शेवटच्या दोन गोळ्या तिनं खोक्यात परत ठेवल्या. "नोव्हेंबरला येईन मी," म्हणाली. "तुम्ही बुक आणा, पण पानं उलटू नका."

परतताना तिनं घरी फोन केला नाही. ती सवय तिच्या लक्षात नसावी, आणि मलाही सुचलं नाही. दार उघडून आत गेलो, तर सुनंदावहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळत होतं.