विलासने शोधलेली वाट

मुलीला गाडीत बसवून मी बडनेरा स्टेशनच्या बाहेर येत होतो, तेव्हा गजाननचा फोन आला. "दादा गेला," एवढंच तो म्हणाला. गजाननचा दादा म्हणजे माझा विलास. अमेरिकेत, स्वतःच्या घरी, चहाचा कप हातात असताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. बाहेर लावलेल्या स्कूटरवर मी तसाच बसून राहिलो. रडू येईना. मनात एकच वाक्य घोळत होतं... आता याला कधी विचारणार?

विलास नांदगाव खंडेश्वरचा. कॉलेजसाठी अमरावतीला आला आणि चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. त्याच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. मी कधी आमलेट मागवलं तर हा पाठ फिरवून बसायचा. पुढे तो इंजिनिअर होऊन परदेशी गेला आणि मी मोजणी खात्यात लागलो. अकोला, अमरावती करत शेतांच्या हद्दी मोजून रिटायर झालो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. तीन वर्षांपूर्वी अशाच एका फोनवर तो म्हणाला, "मले हरीण मारायचं हाये." मला वाटलं, गंमत करतोय. पण त्याने परवाना काढला होता, बंदूक चालवायला शिकला होता. तिकडे ठरलेल्या हंगामात सरकारी जमिनीवर शिकार करता येते, वाटाड्या न घेता एकट्याने जाता येतं, हे त्यानेच सांगितलं. अडचण वेगळीच होती. "जमीन सरकारी हाये, पण चारी बाजूनं लोकायची वावरं. जाऊ कुठून?"

"पांदण नाही का?" मी विचारलं.

"इथं कुठची पांदण रे! तू मोजणीवाला. तूच सांग."

आणि मी अडकलो. जन्मभर शेतरस्त्यांची भांडणंच बघितलेली. तो नकाशे पाठवायचा, मी चष्मा लावून तासन्‌तास बघायचो. कुठे सरकारी तुकड्याचा नुसता कोपरा रस्त्याला टेकलेला, कुठे मध्ये ओढा. कुणाची तरी वाट अडली आहे, ती मोकळी करायची, एवढंच मला दिसत होतं. वाटेच्या टोकाला काय होणार, हे मी मनावर घेतलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बांधावरून जाणारी वाट सापडली. मी म्हटलं, "नकाशावर भरोसा ठेवू नको. त्याचं दार वाजव, विचार." विलास गेला. म्हातारा म्हणाला, खुशाल जा, हरणं माझं सोयाबीन खातात. हे सांगताना विलास हसत सुटला. "अबे, आपल्या नांदगावचंच बोलून राहिला तो!" त्याच फोनवर मी पहिल्यांदा विचारलं, "पण तू काहून मारतो?" तो म्हणाला, "सांगता नाही येत मले."

त्याच वर्षी नोव्हेंबरात एका सकाळी मी मेथी निवडत होतो, तेव्हा फोन वाजला. त्याचा आवाज बसलेला. "मारलं," तो म्हणाला. "तुयाशी बोलावं वाटलं." आणि मी, ज्याने वाट शोधून दिली तो मी, म्हणालो, "मारलं न? मग आता मले काहून सांगतो?" फोन बंद झाला. त्यानंतर दोघांनी एकमेकांना दिवाळी-पाडव्याला शुभेच्छा पाठवल्या, बस. त्याला माझ्याकडून काय हवं होतं? शाबासकी, शिव्या, की नुसतं ऐकून घेणारं कुणी? मला अजून समजलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्याची बायको सुनीता नांदगावला आली. तिला सगळं विचारलं. तो दर हंगामात तिथेच जायचा. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, स्वतः शिकारीला जाणं त्याला जमत नव्हतं, म्हणून मांस त्यालाच देऊन यायचा.

"स्वतः खायचा?"

"पहिल्या वर्षी एक घास खाल्ला. मग दोन दिवस जेवला नाही. तरी पुढच्या वर्षी परत गेला. मला विचारू नका, भाऊजी. मलाही नाही कळलं."

तिने त्याचं जाकीट गजाननला दिलं. भडक नारिंगी, डोळ्यांत खुपेल असं. ते घातल्याशिवाय तिकडे शिकारीला जाता येत नाही. हरणाला तो रंग ओळखू येत नाही म्हणे. दुसऱ्या शिकाऱ्याने माणसाला हरीण समजून गोळी झाडू नये, म्हणून तो असतो.

परवा नांदगावला गेलो होतो. हरभऱ्याच्या हिरव्या वावरात, अर्ध्या किलोमीटरवर, एक नारिंगी ठिपका हलत होता. गजाननच तो, मला ठाऊक होतं. तरी स्कूटर थांबवली आणि जोरात ओरडलो, "विल्या!" ठिपका थांबला, वळला. त्याने हात वर केला. मीही केला... आणि त्याने खाली घेईपर्यंत मी माझा हात खाली घेतला नाही.