देवधर्म नसलेल्या मुलाच्या चौकशीला

निघताना आईने पिशवीत नारळ, खण आणि हळदकुंकवाच्या पुड्या भरल्या आणि बजावलं, आधी अंबाबाईची ओटी, मग मुलाचं घर. शालन, माझी धाकटी बहीण, दाराशी उभी होती. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि तिच्यासाठी स्थळं बघून मी मेटाकुटीला आलो होतो. हे स्थळ तिने स्वतःहून पसंत केलं होतं. मुलगा कोल्हापूरकडचा, साखर कारखान्यात केमिस्ट, निर्व्यसनी. मध्यस्थाने फक्त एकच सांगितलं होतं की मुलाला देवधर्म नाही. तेवढं ऐकून आई धास्तावली. शालन मात्र हळूच म्हणाली, "दादा, तेवढ्या एका कारणावरून नाही म्हणून येऊ नकोस." मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, मी काय आईसारखा भोळा आहे?

रात्रीच्या गाडीने पहाटे कोल्हापूरला उतरलो. देवळात गर्दी नव्हती. ओटी भरली, पुजाऱ्याने नारळ फोडून एक वाटी परत दिली आणि वर कुंकू दिलं. बाहेर मिसळ खाल्ली. पुणेरी जिभेने कट (मिसळीवरची तिखट तर्री) मागून घ्यायची हौस केली आणि नाकाडोळ्यांतून पाणी पुसत बसलो. वाढणाऱ्याने न विचारता दही आणून ठेवलं.

गारगोटीच्या एस. टी.त शेजारी एक पटकेवाले आजोबा बसले. दोन्हीकडे ऊस, मधून भाताची खाचरं, लांबवर राधानगरीकडचे निळे डोंगर. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि ते माझ्याकडे.

"पावणं, कुनाकडं निघालासा?"

मी गावाचं नाव सांगितलं, मुलाचंही सांगितलं. लग्नाच्या चौकशीची आपल्याकडची रीत अशी की, घरच्यांआधी गावाला विचारायचं. मुलगा कसा आहे, म्हणून विचारलं. आजोबांनी तंबाखू मळता मळता सगळं ऐकवलं, तेही मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. विलास म्हणजे पोरगा सोनं, पण देवाचा न्हाय. त्याच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यात जट आली (केसांचा आपोआप होणारा गुंता, ती यल्लम्मादेवीची खूण मानतात). अशी पोर देवीला सोडायची असते, जन्मभर परडी घेऊन जोगवा मागायचा. ह्या पठ्ठ्याने ती जट कात्रीने कापली.

"तिसऱ्या म्हैन्यात म्हस मेली की त्यांची," आजोबा म्हणाले. "पोरीचं केस बारीक हाईत, बघशीला तवा कळंल."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. शालन त्या घरात नांदायला जाणार, आणि तिथे देवीचा कोप असला तर? हा विचार माझ्या डोक्यात आला, कॉलेजात वाद घालून देव नाही हे सिद्ध करणाऱ्या माझ्या डोक्यात. बिद्रीच्या पुढे फाट्यावर उतरलो तेव्हा परतीच्या गाडीची वेळ विचारायचं मी ठरवलं होतं.

पण फाट्यावर मला न्यायला एक मुलगी आली होती. बारा-तेरा वर्षांची, शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये. केस मुलग्यासारखे कानापर्यंत. मी बघताक्षणी ओळखलं.

"पुण्याचं पावणं न्हवं का? द्या की पिशवी." तिने हात पुढे केला.

मी पिशवी झटकन दुसऱ्या हातात घेतली. म्हटलं, राहू दे, जड नाहीये.

तिने पिशवीकडे बघितलं. "परसाद हाय व्हय त्यात?"

मी नुसती मान हलवली. ती आपणहून वाटेच्या पलीकडच्या कडेला गेली आणि तिथून चालू लागली, मधे दोन हात अंतर राखून. तिला सवय असावी. उसातली वाट संपेपर्यंत मी तिच्याकडे बघितलं नाही.

घर साधं, सारवलेलं. कोनाड्यात देव होते, ताजी फुलं वाहिलेले. विलासने माझी नजर ओळखली.

"देव आईचं हाईत. मी पाया पडत न्हाय. आदी सांगितल्यालं बरं." मग शांतपणे म्हणाला, "जोगतिणी घराकडं याय लागल्या. पोरीला नेणार हुत्या. मला दुसरं काय सुचलं न्हाय."

मला न्यायला आलेली त्याची बहीण सुमन जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या करत होती, ती मधेच म्हणाली, "दादाचा हात लई कापत हुता. त्यालाबी भ्या वाटत हुतं की. माज्या कानाला कात्री लागली."

तो लाजून हसला. नाही म्हणाला नाही.

जेवायला भाकरी, भरलं वांगं आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा जाडसर ठेचा) होता. सुमनची आई आग्रहाने वाढत होती. हात धुतल्यावर तिने विचारलं, अंबाबाईला जाऊन आलासा म्हणं, परसाद द्या की सगळ्यांस्नी. मी खोबऱ्याचे तुकडे केले. विलासच्या आईला एक दिला. तिने तो डोळ्यांना लावला. विलासला दिला, तो खोबरं म्हणून खाऊन मोकळा झाला. मग सुमनने ओंजळ धरली.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. ज्याला देवधर्म नाही म्हणून हिणवतात तो भीत भीत का होईना, कात्री घेऊन बहिणीपाशी गेला होता. मी तर कधी सकाळी नमस्कारही करत नाही. मग त्या वाटेवर मी पिशवी कोणत्या देवासाठी बाजूला घेतली? माझी मलाच लाज वाटत होती, आणि पुण्यात उतरलो तरी ती गेली नव्हती.

घरी सगळं सांगितलं. आईने पदराने डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, पोरीला काही झालं नाही ना? म्हटलं, नाही, शाळेत जाते, पाढे खाडखाड म्हणते.

 शालनने विचारलं, "प्रसाद तिलाही दिलास ना?"

"दिला की."

"हातात दिलास, की वरून टाकलास?"

मी बुटाची नाडी सोडत राहिलो. सुटलेली नाडी पुन्हा सोडत राहिलो. शालन मला लहानपणापासून ओळखते, तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"आई, त्यांना होकार कळव," ती म्हणाली. "आणि आता दादाला पाठवू नकोस. मी येते तुझ्याबरोबर."