मास्तरांच्या होडीची घडी

जी वस्तू रोज वापरात असते तिचे किस्से होत नाहीत. आमच्या घरच्या पोळपाटाबद्दल मला एकही सांगता येणार नाही. पण आमच्या भ्रमण मंडळाची घडीची होडी सात वर्षांत एकदाच पाण्यात उतरली, आणि तिचे किस्से मात्र साठत गेले.

स्वराज्य आलं, तसा एक साहेब विलायतेला निघाला आणि जाताना ती आमच्या ड्रिलमास्तरांना देऊन गेला. काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर चढवायचं रबर लावलेलं कापड. सगळी घडी होऊन दोन पिशव्यांत बसायची. मास्तरांनी बैठकीत जाहीर केलं, "रिटायर व्हायच्या आत मी हिच्यातनं भोगावती ओलांडणार." टाळ्या पडल्या. आम्हा मेंबरांना पोहायला मास्तरांनीच शिकवलं होतं. शाळेच्या बाकांवर पालथं झोपवून, शिट्टीच्या तालावर.

*

पहिल्या कँपला निघालो तेव्हा मोटारीच्या कंडक्टरनं पिशव्या अडवल्या.

"काय हाय ह्यात?"

"होडी," मास्तर ऐटीत म्हणाले.

कंडक्टरनं पिशवी दाबून पाहिली. मग मास्तरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"व्हडी हाय, तर नदीतनं जावा की पावणं. माझ्या गाडीत कशाला चढलाय?"

*

त्या कँपात होडी जोडायला अख्खी दुपार लागली. मास्तर साहेबाचं इंग्रजी पुस्तक वाचत होते आणि आम्ही काठ्या खोचत होतो. शेवटी होडी उभी राहिली आणि एक काठी उरली. "जादा दिलेली असणार," मास्तर म्हणाले.

आमचे अण्णा हुपरीचे, चांदीचे कारागीर. त्यांनी काठी उलटसुलट करून पाहिली. "मास्तर, माझ्या पैंजणात एक कडी ऱ्हायली तर पैंजण तुटतंय. हितं काय तुटंल?"

मास्तरांनी होडी लगेच सुटी करून पिशव्यांत भरायला लावली.

*

त्यानंतर मुहूर्त निघाला. नव्या लुगड्याची घडी आपण चांगला दिवस बघून मोडतो. होडीही कापडाचीच, तेव्हा तिची घडीही मुहूर्तावरच मोडायची, असं मास्तरांचं म्हणणं. एकदा अवस आडवी आली, एकदा पितृपक्ष, एकदा मास्तरांची सर्दी. एका वर्षी तर घडी मोडायला प्रमुख पाहुणे बोलावले. ते जलविहारावर तासभर बोलले, पिशव्यांना हार घातला आणि तांबड्या रश्श्याचा वास येताच उठले. पिशव्या हारासकट मास्तरांच्या पलंगाखाली परत गेल्या.

वहिनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, वैतागून म्हणायच्या, "माझ्या ट्रंकंला जागा न्हाई, आणि ही बया लोळत्या बघा पलंगाखाली."

*

एका पावसाळ्यात पिशव्यांना बुरशीचा वास सुटला. वहिनींनी सरळ कापड काढून परटाला दिलं. ते आलं तेव्हा काय देखणी परीटघडी! खळ, नीळ, कोपऱ्यात बिब्ब्याची खूण. मास्तरांनी विचारलं, "ह्याच्यावरचं रबर?"

"मळ लई हुता मास्तर," परीट अभिमानानं म्हणाला. "दोनदा भट्टी लावली, तवा निघाला."

आम्ही सारे सुतकात. मास्तर तेवढे त्या दिवशी दोनदा चहा प्याले आणि चक्क गुणगुणत होते.

पण अण्णा ऐकतात थोडेच! दागिना ठोकताना खाली धरायची राळ त्यांच्याकडे डबाभर होती. ती मेणात कालवून त्यांनी कापडाला दोन हात दिले. "घ्या मास्तर. आता मुहूर्ताचं तेवढं बघा."

*

रिटायर व्हायला पंधरा दिवस उरले, तेव्हा भोगावतीच्या काठी होडी उभी राहिली. काठी याही वेळी उरलीच. मंडळ झाडून हजर, वहिनीही आल्या होत्या. मास्तरांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, तुमास्नी पवता येतंय न्हवं?" अण्णांनी सहज विचारलं.

मास्तर वहिनींकडे वळले. "सात वर्षं तू हिला सांभाळलंस. घडी तूच मोड."

वहिनींचं माहेर शिरोळकडचं, कृष्णेकाठचं. त्यांनी कासोटा घट्ट केला, आत बसल्या आणि वल्हं मारत निघाल्या. नदीच्या मधोमध काहीतरी कडकन मोडलं. होडीची दोन्ही टोकं हळूहळू वर आली आणि वहिनींना मध्ये घेऊन मिटली. काठावर मास्तर जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकत होते. वहिनी निवांत पोहत आल्या, मागून कापड ओढत.

"घडी मोडाय बसलो," पदर पिळत त्या म्हणाल्या, "तर हिनं माझीच घडी घातली की."

मास्तरांनी कापडाचं दुसरं टोक धरून पिळायला घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी पंचगंगेच्या घाटावर गेलो होतो. खालच्या पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात मास्तर उभे होते. पाठीला रिकामा डबा बांधलेला, आणि कमरेच्या दोराचं टोक वरच्या पायरीवर वहिनींच्या हातात.

"सोडू?" वहिनींनी विचारलं.

"थांब जरा."

वहिनींनी दोर हाताला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरला.

"का? मुहूर्त बघायचाय?"