पावसातबी चालणारे टायर

वळसंगच्या नाक्यावरचा टायरवाला माणसाच्या तोंडाकडं बघत न्हाय, टायरवर थाप मारत बोलतो. तरी मी रोज त्याच्याच बाकड्यावर बसतो.

माझा पोरगा पुण्यात असतो. त्याची ठेंगणी, वाऱ्यासारखी पळणारी गाडी पावसात घसरती, म्हणून पावसाळाभर तो गावाकडं येत न्हाय. मी मात्र सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या बघत बसतो. ये म्हणून विनवणारा मी न्हवं.

परवा, पावसाळा लागायच्या आधी, तो आला आणि तसलेच वेगाचे टायर मागू लागला. टायरवाला त्याच टायरांच्या थप्पीवर गोणपाट टाकून बसलेला. म्हणाला, "संपले की सायेब. बारमाही घ्या, पावसातबी चालत्यात."

पोरानं ते बसवले आणि गेला. टायरवाला पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "अण्णा, आता येईल की."

मी शेजारच्या टायरवर थाप मारत बसलो.