साहेबांच्या वाट्याची बुंदी

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात, कॅन्सरच्या वॉर्डात, मी आया होते. शिक्षण चौथी. खाटेवरच्या पाटीवर नाव लिहिणं आणि माणूस गेला की पुसणं, हे काम माझ्याकडे होतं.

डॉक्टर सोलापूरकडचे, तिशीतले, एकटे राहणारे. पेशंट बहुतेक तोंडाच्या कॅन्सरचे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन तोंड उघडेनासं झालं की मग लोकांना दवाखाना आठवायचा. डॉक्टर भयंकर चिडायचे आणि त्याच माणसाला स्वतः चमच्याने पेज पाजायचे. बरे होणारे थोडेच.

आमच्या धानाच्या मुलखात, मेलेल्याची ज्याने सेवा केली त्याच्या वाट्याचं तेरवीचं जेवण काढून ठेवतात. तो आला नाही तर नेऊन देतात. आरमोरी, नागभीडहून लोक एस्टीने बुंदी-वड्यांचे डबे घेऊन यायचे. मी त्यांना दारातच अडवायची. "साहेब कामात आहेत." डबा ठेवून घ्यायची आणि चौकीदार नि मी वाटून खायचो. चोरी म्हणून नाही. मेलेल्याच्या नावाचं अन्न डॉक्टरच्या पोटात गेलं तर त्याच्या हाताचा गुण जातो, असं मला वाटायचं. तीन वर्षं मी हेच केलं. त्यांना एका शब्दाने सांगितलं नाही.

मग एका हिवाळ्यात डॉक्टरांनी आपला रेडिओ चौकीदाराला देऊन टाकला. पुस्तकं नर्सला दिली. ऐन थंडीत अंगावरचा स्वेटर काढून मला दिला. मी खूश. घरी येऊन घातला आणि मला माझा थोरला भाऊ आठवला. त्याने जीव दिला, त्याच्या आठवडाभर आधी अशीच आपली सायकल मला दिली होती. मी घंटी वाजवत गावभर हिंडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीत गेले. स्वेटर टेबलावर ठेवला.

"साहेब, जीव द्यायचा विचार करून राह्यले का?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाई. मीच विचारून राह्यली. हो का नाई, सांगा."

त्यांनी टेबलावरच्या स्वेटरची घडी केली. मग म्हणाले, "हो, मावशी."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच.

"इतके लोक गेले माझ्या हातून. त्यांच्या घरचं एक माणूस परत आलं नाही. शिव्याच देत असतील मला."

मी म्हटलं, "आले होते साहेब. मीच वापस पाठवलं." सगळं सांगितलं.

"बुंदी आणायचे?"

"वडे बी."

"आणि तुम्ही खाल्लंत?"

"मंग फेकाचं होतं का?"

ते हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मी उठले नाही. पाठीवरून हात फिरवणं वगैरे मला जमत नाही. नुसती बसून राहिले.

पण हसू आलं म्हणून आजार जात नाही, एवढं वॉर्डात शिकले होते. म्हटलं, दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं. ते नको म्हणाले.

"तुमी पेशंटाले नाई म्हणू देता का?"

दारातून नर्सला हाक मारून बाईंना बोलावलं आणि त्या येईपर्यंत तिथून हलले नाही. त्याच दिवशी बाई त्यांना नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या, मोठी सुट्टी मिळाली, सोलापूरहून आई येऊन राहिली.

उन्हाळ्यात ते कामावर आले. तोंड उतरलेलं होतं, गोळ्या चालूच होत्या. एक दिवस आरमोरीकडची एक बाई भावाला घेऊन डबा द्यायला आली. तिचा नवरा आमच्याच वॉर्डात वारला होता. मी सवयीने दार अडवायला उठले, मग बाजूला झाले आणि तिला आत नेलं.

"आमचे मालक म्हणत, डॉक्टर माणूस चांगला, पण लय रागावते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डबा तिथेच उघडला. मग त्यांची नजर भावाच्या फुगलेल्या गालावर गेली.

"तोंडात काय आहे? आधी बाहेर जाऊन थुंका!"

तो पळालाच. ती बाई पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टरांनी बुंदी खाल्ली, आणि अर्धी माझ्यापुढे सरकवली.

"घ्या मावशी. तुमची सवय मोडायला नको."