तीन तारे दिसेपर्यंत: देवपूरचा एक शनिवार

आई गेल्यावर सात दिवस आम्ही रिवाजाप्रमाणे घरात जमिनीवर बसलो. आठव्या दिवशी उठलो तेव्हा बहिणीने विचारलं, "खालाला कोण सांगणार?"

खाला म्हणजे धुळ्यात, देवपूरला राहणारी आमची जुनी शेजारीण. वडील तिथे नोकरीला होते, माझी सगळी शाळा तिथेच झाली. खालाचं घर पिंजाऱ्यांचं, कापूस पिंजून गाद्या भरायचं काम. त्यांची आणि आमची भिंत एक होती. आईने सांगून ठेवलं होतं, "मी गेले तर तिला फोनवर कळवू नका." तिचा जुना नंबर लागतही नव्हता. म्हणून मी निघालो. या ब्लॉगवर एरवी लिहितो तशी ही सहल नव्हे. पण रस्ता सगळ्यांचाच आहे, कोणाला उपयोग होईल.

ठाण्याहून गुरुवारी रात्रीच्या गाडीत बसलो, शुक्रवारी सकाळी जळगावला उतरलो. धुळ्याला चाळीसगावहून जाणं सोयीचं. आई मात्र जळगावलाच उतरायची, केळी घ्यायला. आमच्याकडे नवस फेडताना मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, भोवती फळं, आणि एलियाहू नबी या प्रेषिताची आठवण. त्यातली केळी जळगावचीच हवीत असा तिचा हट्ट असायचा. मीही दोन फण्या घेतल्या. हिवाळ्यात गेलात तर स्टँडजवळ कुठेही वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मागा. मी खाल्ली, पण चव फारशी लक्षात नाही.

धुळ्याची एसटी एरंडोल, पारोळा करत जाते; मला दुपारची मिळाली. तिकीट दोनशेच्या आत, वेळ अडीच-तीन तास धरा. शेजारी यावलकडचे एक केळीवाले नाना बसले होते, लेकीच्या सासरी निघालेले. माझं आडनाव ऐकून म्हणाले, "कोकणातले?"

"मूळचे. बेने इस्रायल आम्ही."

"म्हणजे ख्रिश्चनच ना?"

"नाही नाना. ज्यू. यहुदी."

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. आमच्यात सांगतात की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावला एक जहाज फुटलं आणि जी थोडी माणसं किनाऱ्याला लागली त्यांचे आम्ही वंशज. पोथ्या जहाजाबरोबर गेल्या. लक्षात राहिलं तेवढं पाळलं: देव एकच असल्याची प्रार्थना, मुलांची सुंता, खवले नसलेला मासा न खाणं आणि शनिवार. तेलाचे घाणे चालवायचे, ते शनिवारी बंद. म्हणून गावकरी म्हणायचे शनिवार तेली.

"मूर्ती?"

"नाही."

"आणि शनिवारी करता काय?"

"काहीच नाही. विस्तव पेटवायचा नाही, कामधंदा नाही, प्रवास नाही. शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत."

नाना म्हणाले, "भाऊ, तुमच्यात केळी लावणारं कोणी नसेल. आमची केळी शनिवारचंही पाणी मागते."

आई गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो.

मुकटी गावाच्या अलीकडे कापसाचा ट्रक आडवा झाला होता. रांग हलेना. रस्ताभर कापूस आणि मावळतीकडे झुकलेलं ऊन. मी घड्याळ पाहत होतो, कारण शनिवारी आम्ही शोक करत नाही. सात दिवसांच्या बैठकीतही शनिवार आला की जमिनीवरून उठून धुतलेले कपडे घालायचे. आई फार काटेकोर होती. शनिवारी वाईट बातमी तोंडातून काढायची नाही, हा तिच्या घरचा नियम. सूर्य मावळायच्या आत पोचून खालाला सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

देवपूरला रिक्षातून उतरलो तेव्हा पांझरा नदीवर शेवटचं ऊन होतं. आमच्या घराच्या जागी आता कोचिंग क्लासची इमारत आहे. खालाचं घर तसंच. खाला ओट्यावर बसली होती, खूप लहान झालेली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"शामू ना? उना का? ये, बस."

तिने माझ्या दाढी वाढलेल्या हनुवटीवरून हात फिरवला. आत गेली आणि काचेचा पेला घेऊन आली. तळाला पाणी, वर खोबरेल तेल. उशीतून कापूस काढून वात वळली. "आज शुक्कर शे. लाव लवकर."

मी दिवा लावला आणि आईसारखे डोळे झाकले. दिवा लागला की शनिवार सुरू; बोलायचं राहिलं ते राहिलंच.

रात्री खालाच्या सुनेने, नसीमने, शेवभाजी केली. खालाने बहिणीचं विचारलं, माझ्या मुलांचं विचारलं, नोकरी, गुडघे, ठाण्याचं पाणी, सगळं. आईचं नाव मात्र काढलं नाही. मला बरं वाटलं आणि वाईटही. वयाने विसरली असेल, असं मनाशी म्हटलं.

सकाळी जाग आली तर खाला गॅसपुढे उभी. नसीम म्हणाली, "अम्मी, मी करते ना चहा."

"ऱ्हाऊ दे. शनवारना चहा मनाच शे."

शनिवारचा चहा तिचाच होता; लहानपणी दर शनिवारी ती आमच्याकडे येऊन स्टोव्ह पेटवायची. आईला पेटवायचा नसे, आणि पेटव म्हणून सांगायचंही नसे. मग आई भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणे, "आज चहा कसा लागत असेल, कोण जाणे." पलीकडून खाला हसत यायची. "इतलं आडून बोलस. तुना देवले हाई समजत नही का?" आई म्हणे, "समजतं. पण मी तोंडाने सांगितलं नाही ना." रमजानात दुपारी खालाची लेकरं आमच्याकडे वरणभात जेवायची.

तो दिवस तसाच गेला. जुन्या गोष्टी निघाल्या, त्यात आई सगळीकडे होती आणि कोणी तिचं नाव घेत नव्हतं. संध्याकाळी खाला ओट्यावर आली. तिला आता लांबचं दिसत नाही.

"कितला तारा दिखतस?"

"एक."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "तीन."

"मंग आते सांग. कवय गयी तुनी माय?"

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"माले कालच समजी गयं. तुना आजा, आबा, गयात तवय तुना बापनी बी महिनाभर दाढी करेल नव्हती." तिने पदराने तोंड पुसलं. "शनवारले तुनी माय रडे नही. तिना शनवार मी कसा मोडू?"

मग ती रडली. मीही. नसीमने आतून थाळी आणली. उकडलेली अंडी आणि भाकरी. आमच्यात दफन करून आल्यावर पहिलं जेवण आपल्या घरचं खात नाहीत, शेजाऱ्यांनी आणलेलं खातात, आणि त्यात अंडं असतं. आबा गेले तेव्हा ते खालानेच आणलं होतं. "उशीर व्हयना," ती म्हणाली, "पन खाय."

रविवारी परतलो, या वेळी चाळीसगावमार्गे. खालाने पिशवीभर वाती वळून दिल्या. जाणाऱ्यांना एकच सांगतो: शुक्रवारी जळगावहून सकाळच्याच बसने निघा.

तिसाव्या दिवशी मी दाढी केली. दिवा आता बायको लावते, वाती खालाच्या. गेल्या शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात गॅस न पेटवता बसलो होतो. भिंतीकडे तोंड करून मी म्हणालो, "आज चहा कसा लागत असेल, कोण जाणे."

पलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर सुरू झाला; चहा करायला कोणी आलं नाही.